डोंगर, धक्का आणि मधला टायर

डिचोली तालुक्यातल्या खाणींपासून मांडवीचा काठ फार दूर नाही. शिरगाव, मये, लामगाव, पिळगाव या गावांच्या आजूबाजूने उतरत गेले की सारमानसचा धक्का येतो. दुसऱ्या अंगाने कुडणे, न्हावेली करत आमोण्याला पोचता येते. तिथून पुढे खनिज बार्जमध्ये पडते आणि मुरगाव बंदराची वाट धरते. रेल्वेचा रूळ या खाणींपर्यंत कधी आला नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधले काही किलोमीटर रबराच्या चाकांवर, अशी उत्तर गोव्याच्या लोहखनिजाची साखळी कित्येक दशके चालली.

या साखळीच्या दोन टोकांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. डोंगर कोणाला मिळाला, किती खोदला, बंदरातून किती टन गेला, न्यायालय काय म्हणाले, हे सगळे कागदावर आहे. मधल्या रस्त्यावर टायर कसा वागत होता आणि ते कोणाला कसे उमगत होते, याला मात्र क्वचितच जागा मिळाली. मला तो धागा महत्त्वाचा वाटतो, कारण खाणपट्ट्यातल्या गावांचा खाणीशी रोजचा संबंध आला तो याच रस्त्यावर, घराच्या पायरीसमोर.

पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या फर्मानाखाली खाणींचे कायमस्वरूपी परवाने द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या सातशेच्या वर गेली. खरा वेग आला दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानच्या पोलादभट्ट्यांना खनिज हवे होते आणि १९५० च्या दशकात शिरगावच्या डोंगरात चौगुल्यांनी जपानी सहकार्याने यंत्रे उतरवली. इटालियन भांडवलातून उभी राहिलेली सेझा गोवा १९५४ ची. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा निर्यात लाखो टनांवर पोचलेली होती आणि डिचोली हे त्या व्यवसायाचे मुख्य ठाणे बनले होते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. १९६२ मध्ये सुरू झालेले ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिकही चौगुल्यांच्या घरातून निघाले. मुक्त गोव्याचे राजकारण आणि मराठी पत्रकारिता, दोन्हींच्या मुळाशी या लाल मातीचा पैसा होता, हे विसरून हा काळ समजत नाही.

दहा टनांचा ट्रक हे या काळाचे माप ठरले. मागे उलटणारा हौदा, पुढे दोन चाके, मागच्या आसावर दोन्ही बाजूंना जोडचाके, म्हणजे एकूण सहा टायर. एक कोटी टन खनिज दहा-दहा टनांनी हलवायचे तर दहा लाख फेऱ्या होतात आणि परतीच्या रिकाम्या फेऱ्या धरल्या तर वीस लाख. निर्यातीच्या ऐन भरात, २०१०-११ मध्ये, गोव्यातून साडेचार कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेले. त्यातला बहुतेक सगळा माल कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर ट्रकच्या टायरवर होता.

२०१८ पर्यंत अशा ट्रकचे कायदेशीर वजन मालासह सोळा टनांच्या आसपास होते. त्यातले दहा टन मागच्या चार टायरवर. म्हणजे प्रत्येक टायरवर अडीच टनांहून थोडे अधिक. टायरमधली हवा दर चौरस इंचाला शंभर पौंड धरली, तर हा भार पेलायला टायर रस्त्याला जितका टेकतो तो भाग साधारण साडेतीनशे चौरस सेंटिमीटर भरतो, शाळकरी वहीच्या पानापेक्षा जरासा मोठा. ब्रेक, वळण, उतार, चढ, जे काही ट्रक करू शकतो ते या सहा पानांच्या जोरावर. आणि चाक फिरत असताना हे पान कोणालाच दिसत नाही. टायरखाली काय चालले आहे ते नेहमी दुसऱ्या कशावरून तरी ओळखावे लागते. टायरच्या शास्त्राची सगळी वाटचाल म्हणजे या न दिसणाऱ्या पानाविषयी बाहेरून अंदाज बांधण्याची वाटचाल आहे.

डिचोलीच्या रस्त्यांवर हा अंदाज बांधण्याचे काम पहिली कित्येक वर्षे क्लीनरच्या हातात होते. फेरी सुरू करण्यापूर्वी लोखंडी टॉमी घेऊन तो ट्रकभोवती फिरायचा आणि एकेका टायरवर ठोका द्यायचा. हवा पुरी असलेला टायर टॉमी परत उडवतो आणि टणक आवाज देतो. हवा कमी असेल तर ठोका आत मुरतो, आवाज बसका येतो. जोडचाकातल्या आतल्या टायरवर त्याचे खास लक्ष असायचे, कारण तो बाहेरून बघून कळत नाही. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा टायर ट्रक उचलून धरतो, पण त्याच्यावर दुप्पट भार येतो आणि मग दोघेही जातात. फेरी संपल्यावर टायरवर पालथा हात ठेवून ऊब पाहायची, हा त्याचा दुसरा उपाय. ही सगळी मोजमापेच होती. त्यांची नोंद कुठे होत नव्हती, एवढेच.

टायरच्या जिवावर उठणारी गोष्ट म्हणजे उष्णता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा खालचा भाग दबतो, कडा फुगतात आणि वर येताना पुन्हा सरळ होतात. रबराला दाबायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते परत देत नाही. राहिलेली ऊर्जा आत उष्णता होऊन साठते. हवा कमी असेल किंवा भार जास्त असेल तर दबणे वाढते, ऊब वाढते, आणि शेवटी रबर व आतले दोर यांची पकड सुटते. मग ज्याला आपण ‘टायर फुटला’ म्हणतो ते घडते. खाणीच्या रस्त्यावर यात आणखी एक भर पडायची. खाण डोंगरावर आणि धक्का समुद्रसपाटीला, त्यामुळे भरलेला ट्रक नेहमी उतरणीला. ब्रेकच्या ड्रमची धग रिममधून टायरच्या काठाला आणि ट्यूबला पोचायची. परतीला ट्रक रिकामा, मागच्या टायरवर जेमतेम पाऊण टन. अशा हलक्या चाकाला जोरात ब्रेक लावला की ते फिरायचे थांबते आणि घसरत जाते. जाताना टायर तापून जायचा धोका, येताना हलका होऊन घसरायचा. एकाच ट्रकचे एकाच रस्त्यावरचे टायर दर तासाला दोन वेगळ्या स्वभावांनी वागत होते.

उसगावच्या अंगाला एमआरएफचा टायर कारखाना १९७० च्या दशकात आला. १९४६ मध्ये मद्रासला रबरी फुगे बनवण्यापासून सुरुवात केलेली, १९६१ पासून टायर काढणारी ही कंपनी फोंडा तालुक्याच्या या टोकाला आली आणि खाणपट्ट्यातल्या अनेक घरांना खाणीव्यतिरिक्त पहिली मोठी नोकरी तिथे मिळाली. थोड्या वर्षांनी, १९८० मध्ये, टेल्को आणि गोव्याचे आर्थिक विकास महामंडळ यांनी मिळून ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा स्थापन केली. होंडा या गावाच्या परिसरात बसच्या बॉडी बांधल्या जाऊ लागल्या. डिचोली, साखळी, होंडा, उसगाव या वाटेवर एकाच वेळी टायर तयार होत होते, गाड्या बांधल्या जात होत्या आणि ट्रकखाली टायर झिजत होते. वाहनाशी एवढी जवळीक असलेला मराठी-कोकणी मुलूख मला दुसरा आठवत नाही.

त्याआधीच जगात दुसरीकडे त्या न दिसणाऱ्या पानाकडे यंत्राने पाहायला सुरुवात झाली होती. सुरुवात विमानांपासून झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डनलपने मॅक्सारेट नावाची यंत्रणा काढली. चाकाबरोबर एक छोटे जडचक्र फिरायचे. चाक अडकून एकदम मंद झाले तरी जडचक्र आपल्या गतीने पुढे जायचे, आणि त्या फरकाने झडप उघडून ब्रेकचा दाब सोडला जायचा. यात वीज नाही, गणक नाही, तरी ‘चाक घसरू लागले आहे’ हे चाकानेच सांगितले. १९७८ मध्ये बॉशने हेच काम इलेक्ट्रॉनिक्सने करणारी एबीएस मर्सिडीजच्या मोटारीत बसवली. प्रत्येक चाकाला दातेरी कडे आणि त्यासमोर चुंबकीय सेन्सर. दाते समोरून किती वेगाने जातात त्यावरून चाकाचा वेग.

इथून पुढचे सगळे त्या दातेरी कड्यावर उभे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गाडी रस्त्यावर ज्या वेगाने जाते आणि चाकाचा घेर ज्या वेगाने फिरतो, हे दोन वेग कधीच अगदी सारखे नसतात. ब्रेक लावला की चाक थोडे मागे राहते, जोर दिला की थोडे पुढे जाते. या फरकाला घसर म्हणू. घसर अगदी थोडी असेल तोवर टायरचे रबर ताणले जाऊन पकड वाढत जाते. एका मर्यादेपाशी पकड सर्वांत जास्त होते आणि त्यानंतर घसर वाढली की पकड कमी होते. ती मर्यादा कोरड्या डांबरावर एक, ओल्या रस्त्यावर दुसरी, चिखलात तिसरी. डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेयका यांनी व्होल्वोच्या अभियंत्यांबरोबर १९८७ मध्ये या वक्राचे एक सूत्र मांडले. ते भौतिकशास्त्राच्या नियमांतून काढलेले नव्हते; चाचण्यांत मिळालेल्या वक्रावर नेमके बसते म्हणून स्वीकारलेले होते. जगभरच्या वाहनतज्ज्ञांनी ते उचलले आणि आजही टायरचे वागणे लिहिण्याची ती सर्वांत रूढ भाषा आहे.

१९८७ हेच वर्ष गोव्यासाठी दोन कारणांनी मोठे होते. ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. त्याच वर्षी संसदेने पोर्तुगीज काळातले खाणपरवाने रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा केला. सरकारला आता डोंगरातून किती टन निघतात याचा हिशेब हवा होता, पण डोंगरातून निघालेला माल गावातून कसा जातो, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

सूत्र मिळाले तरी टायरची त्या क्षणीची पकड कशी ओळखायची, हा पेच उरतोच. प्रयोगशाळेत टायरवर बळ मोजणारी यंत्रे लावता येतात, रस्त्यावरच्या गाडीत नाही. उपाय सापडला तो गणितात. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणी हा त्याचा पाया. गाडीचे गणिती चित्र मनात धरायचे, चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वळते, किती प्रवेग आहे, ही मोजमापे येतील तशी त्या चित्राशी ताडून पाहायची, आणि फरक पडेल तसे चित्र दुरुस्त करत जायचे. चित्रात टायरची पकड ही अज्ञात राशी ठेवली की मोजमापेच तिला हळूहळू खऱ्या किमतीकडे ओढतात. १९९५ मध्ये बॉशमध्ये अँटन व्हॅन झँटेन यांच्या चमूने याच वाटेने गाडी तोल सोडण्यापूर्वी एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा मर्सिडीजमध्ये आणली. १९९७ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या फ्रेड्रिक गुस्ताफसन यांनी दाखवले की साध्या चालीत, ब्रेक न लावताही, इंजिनाचा जोर आणि चाकांची इवलीशी घसर यांच्या नात्यातून रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज येतो. याच प्रकारच्या गणिताने टायरमध्ये हवा कमी झाल्याचेही कळू लागले. हवा कमी झाली की चाकाचा परिणामी घेर किंचित घटतो आणि चाक किंचित जलद फिरते. शिवाय टायरच्या स्वतःच्या कंपनाचा सूर बदलतो आणि तो दातेरी कड्याच्या संकेतात उमटतो. क्लीनरचा टॉमी असाच सूर ऐकत होता.

अमेरिकेत या गोष्टी कायद्यात आल्या त्या माणसे मेल्यावर. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर सुटून गाड्या उलटल्या, दोनशेहून अधिक लोक गेले, आणि ऑगस्ट २००० मध्ये पासष्ट लाख टायर परत मागवावे लागले. कमी हवा, उष्णता, वेग आणि टायरच्या बनावटीतला दोष एकत्र आले होते. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला आणि काही वर्षांत प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब कमी झाल्याचे सांगणारा दिवा सक्तीचा झाला.

ज्या वर्षांत हा दिवा सक्तीचा होत होता, त्याच वर्षांत डिचोलीत ट्रकांच्या रांगा लागू लागल्या होत्या. चीनला हलक्या प्रतीचे खनिजही हवे होते. वर्षानुवर्षे खाणीच्या कडेला टाकलेल्या ढिगांनाही भाव आला. शेत गेलेल्या, विहीर आटलेल्या घरातल्या मुलाने बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला, कारण गावात तोच एक रोजगार दिसत होता. खाणव्यवसायातले ट्रक दहा हजारांच्या वर गेले. भाडे फेरीवर आणि टनावर मिळे. अधिक फेऱ्या केल्या तर हप्ता सुटतो, आणि अधिक फेऱ्या म्हणजे वेग. हौदा वरपर्यंत भरला तर टनही वाढतात. त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या हिशेबात त्याला बसवले होते तो हिशेबच असा होता. पण टायरला या दोन्ही गोष्टींची किंमत एकाच चलनात द्यावी लागते, उष्णतेच्या.

खाणीच्या आतल्या मोठ्या डंपरांच्या टायरसाठी जगभर एक साधे माप वापरतात: टायरवरचा सरासरी भार गुणिले दिवसभरातला सरासरी वेग. प्रत्येक टायरची या मापातली मर्यादा कारखाना सांगतो. ती ओलांडली की टायर आतून शिजू लागतो. रस्त्यावरच्या ट्रकांना हे माप लावत नाहीत, तरी विचार करायला ते उपयोगी आहे. भरलेल्या ट्रकच्या मागच्या टायरवर अडीच टन, रिकामा असताना पाऊण टनाच्या आत, सरासरी सुमारे १.६. दिवसाचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर, तर गुणाकार ४०. आता भरलेल्या ट्रकच्या टायरवरचा भार दीडपट होईल इतका माल हौद्यात भरा आणि सरासरी वेग ३५ करा. गुणाकार ७७ च्या आसपास जातो. भार दीडपट आणि वेग चाळीस टक्के जास्त, एवढ्यात टायरवरचा ताण जवळजवळ दुप्पट. मागच्या चाकांना झिजलेल्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेले रिमोल्ड टायर असतील, तर दुरुस्तीच्या जोडावर आधी परिणाम होतो.

साखळी, कुडणे, उसगाव, होंडा या वाटांवर त्या काळात काय होत होते हे तिथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. शाळेच्या वेळा ट्रकांप्रमाणे ठरत. सांडलेल्या खनिजाचा थर डांबरावर बसलेला असे आणि ऑक्टोबरातली उशिराची सर किंवा मे अखेरचा वळीव आला की त्या धुळीचा लाल चिखल होई. भर पावसाळ्यात निर्यात थंडावते, मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा येतो आणि बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत जातात. म्हणून सर्वांत धोक्याचे दिवस पावसाळ्याच्या दोन्ही कडांना पडत. वळवाच्या पहिल्या अर्ध्या तासात रस्त्याची पकड कोरड्या दिवसाच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. ड्रायव्हरला ते स्टिअरिंग हलके झाल्यावर कळते, म्हणजे पुढच्या टायरची पकड आधीच सुटू लागल्यावर. दुचाकीवरच्या माणसाला तेवढाही इशारा मिळत नाही.

१० सप्टेंबर २०१२ ला हे सगळे थांबले. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आल्यावर गोवा सरकारने खाणी बंद केल्या, महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केले. घरासमोर उभ्या राहिलेल्या ट्रकांचे टायर उन्हात तडकू लागले. उभ्या ट्रकचा टायर एकाच जागी दबून राहतो आणि तिथे कायमचा चपटा होतो. हप्ते थकले, सरकारला कर्जदारांसाठी योजना आणावी लागली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ भाडेपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चमध्ये पुन्हा सगळे बंद पडले.

या दोन निकालांच्या मधल्या काळात ट्रकवर पहिल्यांदा यंत्रे बसली. खाण खात्याने नोंदणी केलेल्या ट्रकांना जीपीएस लावायला लावले, वजनकाटे संगणकाशी जोडले, प्रत्येक फेरीचा पास निघू लागला. बेकायदा खनिज सुटू नये हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण थोडा विचार केला तर दिसते की वजनकाट्यावरचा भार आणि जीपीएसवरचा वेग हातात असेल, तर वर सांगितलेला गुणाकार करायला आणखी काहीच लागत नाही. कोणत्या ट्रकचे टायर आज मर्यादेबाहेर तापले असतील हे त्याच संगणकाला संध्याकाळी सांगता आले असते. टन वाचवण्यासाठी जमवलेली माहिती माणूस वाचवण्याच्या इतक्या जवळ येऊन थांबली, याचे मला फार वाईट वाटते.

डिचोलीहून वायव्येला, म्हापशाच्या पलीकडे कोलवाळचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात गेले की जांभ्या दगडाच्या पठारावर टायरची अगदी वेगळी दुनिया भेटते. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. धावपट्टी साडेतीन किलोमीटर लांब. पाऊस इथेही भरपूर.

पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग किती, हे अमेरिकेच्या नासामध्ये वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात काढले. हवेच्या दाबाचे वर्गमूळ घ्या, नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये मिळते. ट्रकचा शंभर पौंड दाबाचा टायर ताशी १६५ किलोमीटरच्या पुढे तरंगेल, म्हणजे भरलेल्या ट्रकच्या बाबतीत व्यवहारात कधीच नाही. त्याला निसटवतो तो चिखलाचा पातळ थर. बत्तीस पौंड दाबाची पर्यटकाची भाड्याची मोटार महामार्गावर साचलेल्या पाण्यात ताशी नव्वदच्या सुमारास रस्ता सोडते. ए-३२० जातीच्या विमानाच्या मुख्य टायरमध्ये दोनशे पौंडांच्या आसपास दाब असतो, त्याची तरंगण्याची मर्यादा १२७ नॉट. हे विमान जमिनीला टेकते ते बहुधा त्याहून जास्त वेगाने. म्हणजे मोप्याच्या मुसळधारेत धावपट्टीवर पाणी साचले, तर उतरण्याचा पहिला भाग टायर तरंगण्याच्या हद्दीत जाऊ शकतो.

म्हणूनच त्या चाकांवर एवढी नजर आहे. प्रत्येक मुख्य चाकाचा वेग सतत मोजला जातो, विमानाच्या खऱ्या वेगाशी ताडला जातो, आणि चाकाचा वेग त्याच्या सुमारे ०.८७ पट झाला की त्या चाकाचा ब्रेक आपोआप सैल होतो. तेरा टक्के घसर, पकडीच्या शिखराजवळची. एअरबसने अलीकडे आणखी पुढची पायरी गाठली: विमान उतरल्यावर ब्रेकचा दाब, इंजिनांचा उलट जोर, हवेचा रोध आणि प्रत्यक्ष मंदावणे यांचा हिशेब करून धावपट्टीने किती पकड दिली हे विमानच काढते आणि वैमानिक ते मागून येणाऱ्यांसाठी कळवू शकतो. २०२१ पासून जगभर धावपट्टीची स्थिती शून्य ते सहा अशा एकाच मापाने कळवण्याची पद्धत लागू झाली, त्या मापालाही याने दुजोरा मिळतो. एका टायरने अनुभवलेला निसरडेपणा दुसऱ्या टायरला आधी कळावा, ही कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. डिचोलीत ते काम समोरून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर हात दाखवून करायचा.

दरम्यान रस्त्यावरच्या भारतीय वाहनांतही बदल झाले. २०१५ पासून नव्या जड ट्रकांना एबीएस आली, २०१९ पासून मोटारींना. हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्रणेसाठी एआयएस-१५४ हे मानक आले. अशी मानके घडवण्याच्या कामात पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा आहे. पण ट्रकांना हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पद्धतीने झालेल्या लिलावात डिचोलीचा खनिजपट्टा वेदान्ताला मिळाला आणि २०२४ मध्ये तिथून खनिज पुन्हा निघू लागले. वर्षअखेर पिळगावच्या शेतकऱ्यांनी सारमानसकडे जाणारी वाहतूक अडवली. शेतजमीन आणि तिच्यातून जाणारा रस्ता हा त्यांचा प्रश्न होता. रस्त्याचा प्रश्न निघालाच आहे, तर तो टायरपर्यंत नेला पाहिजे. आज या वाटेवर येणाऱ्या नव्या ट्रकच्या चाकांवर एबीएसचे दातेरी कडे आणि सेन्सर आधीच बसलेले आहेत. जीपीएस आहे, वजनकाटा आहे. रस्ता निसरडा झाला आहे का, कोणता ट्रक मर्यादेबाहेर तापला आहे, हे काढायला लागणारी बहुतेक मोजमापे गाडीतच आहेत.

एक जागा मात्र आंधळी राहते. जोडचाकाचे दोन्ही टायर एकाच तुंब्यावर एकत्र फिरतात, त्यांना सेन्सर एकच. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा ट्रक तोलून धरतो आणि चाकाचा वेग फारसा हलत नाही. चाकाच्या वेगावरून हवा ओळखणारे गणित इथे फसते. आतल्या टायरसाठी झडपेवर किंवा रिमवर बसणारा स्वतंत्र सेन्सरच लागतो, दाब आणि उष्णता दोन्ही मोजणारा. तो बाजारात मिळतो, आणि दहा टनांच्या ट्रकला असे सहा पुरतात. वाहतुकीचे भाडे ठरवताना या सहा सेन्सरांचा खर्च ट्रकमालकाच्या खिशातून न काढता टनामागच्या दरातच धरावा, अशी अट खाण खात्याने घालणे शक्य आहे. ती घातली जाईपर्यंत क्लीनरने टॉमी खाली ठेवू नये.